डाव्या हाताचा एडिटर

ट्युनिशियातल्या आमच्या स्फाक्समध्ये बाब दिवान या जुन्या वेशीपासून मासेमारी बंदरापर्यंत चालत गेलं, तर वाटेतल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या शाद्ली कम्मूनच्या हातच्या होत्या. आणि बंदरात तर विचारूच नका. होडी नवी असो की डागडुजी केलेली, तिच्यावर नाव घालायला शाद्लीच हवा असे. पालथ्या टोपलीवर बसून, डाव्या तळहातावर रंगाचा डबा तोलत, तो एका दमात अक्षराचं पोट असं काही वळवायचा की जाळी सांधणारे कोळी हातातलं काम ठेवून बघत राहायचे. पुढे छापील फलक आले आणि पाट्यांचं काम आटलं. होड्या मात्र त्याच्याकडेच राहिल्या, कारण होडीच्या फुगीर लाकडावर छापील कापड काही नीट बसत नाही.

एकसष्टाव्या वर्षी, मार्च महिन्यात, अशाच एका होडीपाशी त्याच्या हातून ब्रश गळून पडला. तो उचलायला शाद्ली वाकला आणि वाकलेलाच राहिला. अठरा दिवसांनी इस्पितळातून घरी आला तेव्हा उजवा पाय ओढत होता, उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबत होता, आणि शब्द डोक्यात तयार असूनही जिभेवर यायला फार वेळ घेत होते.

हात गेल्याचं दुःख होतंच, पण दिवसभर छळायची ती दुसरीच गोष्ट. त्याला कोणी वाक्य पुरं करू देईना. तो "मला जरा..." म्हणून शब्द शोधायला लागला की त्याची बायको नझीहा विचारी, "पाणी हवंय?" शेजारची बाई म्हणे, "उशी द्या त्यांना." त्याला हवी असायची खिडकी उघडलेली. पण तोवर पाणी आलेलं असे, आणि तो ते निमूटपणे पिऊन टाकी. हळूहळू त्याने बोलणंच कमी केलं. सी शाद्ली आता किती शांत झालेत, असं लोक, आदराचं 'सी' लावून, म्हणू लागले.

नझीहाचा यात काही दोष नव्हता. चौतीस वर्षांचा संसार. त्याचं एका शब्दासाठी अडखळणं तिला बघवायचं नाही, म्हणून ती पुढे धावून शब्द आणून द्यायची. चुकीचा आणते आहे हे तिच्या ध्यानातही येत नसे.

सप्टेंबरात त्यांची एकुलती मुलगी रिहाब तीन आठवडे राहायला आली. ती राजधानीत, एका कंपनीत वेबसाइटी बनवण्याचं काम करायची. बाप-लेकीत भांडण नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. एकोणिसाव्या वर्षी तिने कॉम्प्युटर शिकायचं ठरवलं तेव्हा, छापील फलकांनी गांजलेला शाद्ली म्हणाला होता, "तू जे लिहिणार ते कोणाला दिसणार तरी आहे का?" त्यानंतर बारा वर्षं तिने बापापाशी आपल्या कामाचा विषय काढला नाही आणि त्यानेही विचारलं नाही. फोनवर तब्येत, हवा, ऑलिव्हचं पीक एवढंच बोलणं होई.

आता ती बाहेरच्या खोलीत मेज मांडून काम करायची आणि त्याच खोलीत शाद्ली दिवसभर बसलेला. नजर जाणार तरी कुठे? चौथ्या दिवशी त्याने खुर्ची ओढत ओढत तिच्याजवळ आणली. स्क्रीनवर काळ्याभोर जमिनीवर रंगीत अक्षरांच्या ओळी होत्या. काही शब्द केशरी, काही निळे, काही फिकट करडे.

"हा... केशरी..." तो म्हणाला आणि थांबला.

रिहाबने कीबोर्डवरचे हात उचलले आणि त्याच्याकडे वळून बसली. तो पुढचा शब्द शोधत राहिला. स्वयंपाकघरातून नझीहाचा आवाज आला, "डोळ्यांना त्रास होतोय का रे? पडदा लावू?" त्याने नकारार्थी मान हलवली.

"...का?" अखेर शब्द सापडला.

मग रिहाबने सांगितलं. केशरी म्हणजे कोणीतरी वाचणार तो मजकूर. निळं म्हणजे मजकुराला दिलेली आज्ञा: तू मथळा हो, तू यादी हो. करडं म्हणजे आपण आपल्यासाठी ठेवलेली टिपणं. हे रंग एडिटर देतो. एडिटर म्हणजे वेबसाइट लिहायची वही. लोकांना यातलं काही दिसत नाही, त्यांना फक्त तयार पान दिसतं.

"म्हणजे... आखणी," शाद्ली म्हणाला. पाटी रंगवण्याआधी तो पेन्सिलीने रेघा मारायचा, अक्षरांची उंची ठरवायचा, आणि रंग वाळला की त्या रेघा पुसून टाकायचा. त्या रेघा आयुष्यभर त्याच्याशिवाय कोणी पाहिल्या नव्हत्या.

"आखणीच," रिहाब म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या हाताचं बोट कीबोर्डकडे करून 'मी' एवढंच म्हटलं. घरात रिहाबचा कॉलेजच्या दिवसांतला एक जुना लॅपटॉप कपाटात पडून होता. तिने तो पुसून सुरू केला आणि तिच्या कंपनीत सगळे वापरतात तो भलाथोरला एडिटर त्यावर चढवला. त्यात नाही असं काही नव्हतं. जुन्या यंत्राला मात्र तो झेपेना. पंखा घरघरायला लागला. शाद्लीने एका बोटाने एक अक्षर दाबलं, काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा दाबलं. मग एकदम सात अक्षरं धबाधब येऊन पडली. ती खोडायला गेला तर ओळच गेली. अर्ध्या तासात त्याचं कपाळ घामाने भिजलं. त्याने लॅपटॉपचं झाकण मिटलं आणि पाय ओढत गच्चीवर निघून गेला.

वाळत घातलेल्या लाल मिरच्यांच्या माळांशेजारी तो पाठ करून बसला होता. रिहाब मागे उभी राहिली.

"हात... मेला," तो म्हणाला.

"बाबा, हात तुमचा बरोबर चालला होता. यंत्र मागे पडत होतं. मीच त्याच्यावर नको तेवढं ओझं लादलं."

त्याचा विश्वास बसला नाही. तेव्हा तिने लॅपटॉप वर आणला आणि त्याच्यासमोर स्वतः दोन्ही हातांनी टाइप करून दाखवलं. तिचीही अक्षरं उशिराने, धबाधब येऊन पडली. तो बघत राहिला. मग खांदे जरा सैल झाले.

त्या दुपारी तिने तो एडिटर काढून टाकला आणि एक अगदी हलका, साधा एडिटर घातला. उघडला की क्षणात उघडणारा, कोऱ्या पाटीसारखा. त्यात हवं तेवढंच एकेक करून घालायचं ठरलं, आणि काय हवं ते शाद्ली ठरवणार होता.

पहिली अडचण एका हाताची. फाइल जतन करायला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. रिहाबने यंत्रालाच सांगून ठेवलं की पहिली कळ दाबून सोडली तरी ती धरलेलीच समजायची. मग छोटी रूपं शिकवली. दोनचार अक्षरं लिहून एक कळ दाबली की त्या जागी चार ओळींचा सांगाडा उभा राहतो, उघडलेल्या खुणेची बंद खूण आपोआप येते. हे पाहून शाद्लीने तेच तेच सहा वेळा करून बघितलं. पडदा दोन भागांत विभागला: डावीकडे लिहायचं, उजवीकडे तयार पान. लिहिलेलं जतन केलं की उजवीकडे लगेच दिसे.

रंगांना दोन दिवस लागले. एडिटरची काळी जमीन त्याला सोसेना. रिहाबने दाखवलं की रंग म्हणजे इथे तीन आकडे, लाल किती, हिरवा किती, निळा किती. एवढं कळल्यावर त्याला उठवणं मुश्किल झालं. बंदरातल्या शेवाळलेल्या भिंतीसारखा गडद हिरवा त्याने जमिनीला दिला आणि मजकुराला जुन्या कागदाचा पिवळा. एडिटरमधली अरबी अक्षरं बघून तर तो चिडलाच. "ही... उंटाची... मान," म्हणाला. रिहाबने सात प्रकारची अक्षरं आणून दाखवली, एकही पसंत पडेना. आठवी त्याला चालली, तीही नाइलाजाने.

आणि मग त्या सूचना. लिहिता लिहिता जरा थांबलं की एडिटर एक चौकट उघडायचा आणि आपल्याला काय लिहायचं असेल याचे दहा अंदाज पुढे करायचा. शाद्लीचं बोट पुढची कळ शोधत असायचं, तेवढ्यात चौकट खालची ओळ झाकून टाकी. कधी चुकून भलतीच कळ लागे आणि अंदाजातला शब्दच उमटे. दोनदा झालं, तीनदा झालं. चौथ्यांदा त्याने मेजावर डावी मूठ आपटली.

"हे बंद करता येतं," रिहाब घाईने म्हणाली. "नाहीतर उशिरा येऊ दे असंही सांगता येतं. किती वेळ थांबायला सांगू त्याला?"

शाद्लीने तोंड उघडलं. रिहाब गप्प राहिली. नझीहा कुसकुसचं भांडं हातात घेऊन दारात उभी होती. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, पण मुलीची नजर बघून ती थबकली.

"मी..." तो म्हणाला. बराच वेळ गेला. "मी विचारल्या... शिवाय... बोलायचं नाही."

कित्येक महिन्यांत त्याने एवढं लांब वाक्य पुरं केलं नव्हतं.

रिहाबने सेटिंगच्या फाइलीत एक ओळ लिहिली. आता ठरावीक कळ दाबली तरच सूचना येणार, एरवी एडिटर मुकाट्याने वाट बघणार. शाद्लीने लिहायला घेतलं. थांबला. चौकट आली नाही. आणखी थांबला, मुद्दाम. पडद्यावर नुसती उभी रेघ लुकलुकत होती. तो हसला, ओठाची एकच बाजू उचलत, पण मनापासून.

दारातली नझीहा आत वळली. भांडं ओट्यावर ठेवून ती बराच वेळ तिथेच उभी होती. डोळे पुसले असतील तर कोणी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवताना शाद्ली म्हणाला, "मला... ते..." आणि अडला. नझीहाचा हात सवयीने पाण्याच्या तांब्याकडे गेला होता. तिने तो मागे घेतला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, बोटांत बोटं घट्ट अडकवली. माशाच्या रश्श्यावरची वाफ विरली. रिहाब भाकरीचा तुकडा मोडत राहिली, खाल्ला नाही.

"...हरीसा," शाद्ली म्हणाला.

नझीहाने हरीसाची, त्या लाल मिरचीच्या चटणीची, वाटी त्याच्यापुढे सरकवली. "अरे देवा, आणि मी सहा महिने तुला पाणीच पाजतेय," ती म्हणाली. म्हणताना हसत होती. शाद्लीने डाव्या हाताने तिच्या मनगटावर दोनदा थोपटलं आणि जेवायला लागला.

रिहाब जायच्या दिवशी त्याने तिला दारात थांबवलं. टॅक्सी खाली उभी होती, चालक भोंगा वाजवत होता. तिने पिशवी खाली ठेवली आणि वाट पाहिली.

"तू लिहितेस... ते..." तो म्हणाला. "दिसतं... मला."

तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, त्याच लोंबत्या हाताच्या बाजूला, आणि खालून तिसरा भोंगा आल्यावर गेली.

तिच्यामागे आठपंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी शाद्लीला वाटलं, अक्षरं आणखी जरा मोठी असावीत. सेटिंगची फाइल कशी उघडायची ते त्याला ठाऊक होतं. त्याने शेवटी एक ओळ वाढवली, जतन केली, आणि सगळं गेलं. हिरवी जमीन गेली, पांढरा भगभगीत पडदा आला. अक्षरं मुंगीएवढी झाली. सूचनांची चौकट पुन्हा टपकायला लागली.

रिहाबला फोन करता आला असता. पण फोनवर बोलणं त्याला सगळ्यात जड जाई, कारण समोरच्याला तोंड दिसत नाही, नुसती शांतता ऐकू येते. त्याने चष्मा पुसला आणि फाइल पहिल्यापासून वाचायला घेतली. चोवीस ओळी. त्यातलं इंग्रजी त्याला फारसं कळत नव्हतं, पण आकार कळत होता. त्याच्या कामात सगळा खेळ नुक्त्यांचा, अक्षरांच्या वरखालच्या ठिपक्यांचा. उमेदवारीच्या काळात एकदा एका सुताराच्या पाटीवर 'नज्जार' लिहिताना त्याच्याकडून अक्षराच्या पोटातला ठिपका राहिला होता, आणि सकाळी पाहतात तर बिचाऱ्या सुताराचा 'नह्हार', म्हणजे जनावरं कापणारा, झालेला. त्या दिवशी उस्तादाने त्याला संध्याकाळपर्यंत नुसते ठिपके काढायला बसवलं होतं. तेव्हापासून ठिपका राहिला तर त्याला लांबूनही खुपे.

बोट ठेवून तो एकेक ओळ उतरत गेला. प्रत्येक ओळीच्या टोकाला एक बारीक शेपूट होती, स्वल्पविरामाची. तेविसाव्या ओळीला नव्हती. आधी ती शेवटची ओळ होती, तेव्हा तिला गरज नव्हती. तिच्याखाली त्याने नवी ओळ आणून बसवली आणि शेपूट द्यायची राहिली. त्याने ती दिली. जतन केलं. हिरवी जमीन परत आली आणि अक्षरं हवी तेवढी मोठी झाली.

हे त्याने नझीहाला सांगितलं. सांगायला पाव तास लागला. ती भाजी निवडायची सोडून समोर बसली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

त्या दिवसापासून त्याची भीड चेपली. रिहाबने लावून दिलेली एक सोय तर त्याने काढूनच टाकली. जतन करताना एडिटर सगळ्या ओळी आपोआप नीटनेटक्या करायचा. पण अरबी उजवीकडून धावते आणि आज्ञांच्या इंग्रजी खुणा डावीकडून. शाद्ली दोघांना वेगवेगळ्या ओळींवर ठेवायचा, म्हणजे कर्सर इकडून तिकडे उड्या मारत नसे. नीटनेटकेपणाच्या नादात एडिटर त्यांना पुन्हा एकत्र कोंबायचा. छोट्या रूपांची नावंही त्याने बदलली आणि ब्रशांवरून ठेवली. मथळ्याला 'रुंद', यादीला 'बारीक', चित्राच्या चौकटीला 'सपाट'.

ईदला रिहाब आली. सहज काही दुरुस्त करायला त्या लॅपटॉपवर बसली आणि तिला एक ओळ धड लिहिता येईना. "बाबा, नीटनेटकं करायची सोय का काढली?"

"नीट... तुझ्या डोळ्याला," तो म्हणाला. "माझ्या... नाही."

तिने सगळी फाइल वाचून काढली, मधे एकदा हसली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. जाताना तिची एक प्रत स्वतःसाठी घेऊन गेली. त्याआधी तिने एक केलं. तो हिवाळाभर जे पान बनवत होता, ते तिने कुठूनही उघडता येईल असं इंटरनेटवर चढवून दिलं.

पान होड्यांचं होतं. पस्तीस वर्षांत त्याने जेवढ्या होड्यांवर नावं घातली, त्या सगळ्यांची नावं. फोटो फारसे नव्हतेच. पण कुठल्या होडीला कुठली जमीन होती, अक्षरांना कुठला रंग होता, हे शाद्लीला तोंडपाठ होतं. हाताने आता अक्षर काढता येत नव्हतं, पण नाव, रंग आणि वर्ष यांची एक पट्टी तो बनवू शकत होता. दिवसाला एक, कधी दोन.

बातमी बंदरात पोचायला वेळ लागला नाही. वसंतात एका सकाळी मबरूका आली, केरकेन्ना बेटावरच्या एका कोळ्याची विधवा, लूदमधून, म्हणजे बेटाच्या फेरीबोटीतून, एवढी खाडी ओलांडून, बसीसाचा, भाजक्या धान्याच्या पिठाचा, डबा घेऊन. तिच्या नवऱ्याच्या होडीचं नाव 'दलीला', त्यांच्या थोरल्या मुलीवरून ठेवलेलं. होडी चार वर्षांपूर्वी मोडीत काढली होती. त्याच्या आदल्या वर्षी नवरा गेला होता.

शाद्लीने 'दलीला'ची पट्टी उघडून दाखवली. मबरूकाने डोळे बारीक केले.

"सी शाद्ली, राग मानू नका. पण हा निळा आमचा नव्हे."

नझीहा चहा ओतत होती, ती थांबली. शाद्लीने मान डोलावली. रंगवताना होता तो निळा हाच, त्याला खात्री होती. पण बाई म्हणत होती तो निळा होडीवर वर्षानुवर्षं ऊन आणि मीठ बसल्यानंतरचा, रोज संध्याकाळी किनाऱ्यावरून तिने बघितलेला. त्याने हिरव्याचा आकडा थोडा वाढवला, निळ्याचा उतरवला, जतन केलं. उजवीकडची पट्टी बदलली.

"आणखी जरा," ती म्हणाली. मग, "नाही, आता फार झालं."

असं दहाबारा वेळा चाललं. चहा निवला. एकदा आकडा बदलल्यावर ती काहीच बोलली नाही. शाद्लीने मागे वळून पाहिलं तर तिने ओढणीचं टोक तोंडाशी धरलं होतं.

थोड्या वेळाने तिने पिशवीतून मोबाईल काढला. दलीला फ्रान्समध्ये मार्सेईला राहते, नर्स आहे, ती म्हणाली; पण तिला हे तिथे कसं दिसणार? नझीहाने तिला पानाचा पत्ता पाठवून दिला, हे ती आता शिकली होती. मग मबरूकाने फोन लावला आणि म्हणाली, "उघड. उघडलंस? बोल ना गं." पलीकडून बराच वेळ काही ऐकू आलं नाही. खोलीत कोणीच घाई केली नाही. शेवटी मुलीचा आवाज आला, अगदी बारीक. बाबा या रंगाच्या होडीतून यायचे तेव्हा मी धक्क्यावर उभी असायची, एवढंच ती म्हणाली.

निघताना मबरूका दारात थांबली. तिच्या दिराचीही एक होडी होती, तीही आता नाही, नाव 'नूर अल-बहर', जमीन पांढरी, अक्षरं लाल. शाद्लीला आठवत होती. पण लाल नाही, विटकरी. तो तिला तसं सांगायला लागला आणि 'विटकरी' शब्दापाशी अडला. दोघी बायका उंबऱ्यात उभ्या राहिल्या, एक आत, एक बाहेर, तो शब्द येईपर्यंत.